हार्ड क्रोम आणि स्टेनलेस वेल्डिंग: हवेतल्या क्रोम सिक्सची तपासणी नेमकी कशी करून घ्यावी?

मापनपट्टी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एकाच शेडमध्ये एका टोकाला हार्ड क्रोम प्लेटिंगच्या टाक्या आणि दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टीलचं रॉड वेल्डिंग, अशा ठिकाणचे हवेचे नमुने क्रोम सिक्ससाठी, म्हणजे सहा संयुजेच्या क्रोमियमसाठी, घ्यायचे आहेत. टाकीत लिटरला २५० ग्रॅम क्रोमिक अॅसिड, २.५ ग्रॅम सल्फेट, तापमान ५० ते ५५ अंश.

तीन लॅबकडे विचारणा केली. एक म्हणते, एमसीई फिल्टरवर नमुने घ्या, आम्ही एएएसवर (अणुशोषण वर्णपटमापक) क्रोमियम काढून देतो. दुसरी नायॉशची (अमेरिकेची कामगार-आरोग्य संशोधन संस्था) ७६०० क्रमांकाची पद्धत करते. तिसरी आयसीवर (आयन क्रोमॅटोग्राफी) ओशाची (अमेरिकेची कामगार-सुरक्षा यंत्रणा) आयडी-२१५ किंवा नायॉश ७६०५ करते, पण दर बराच जास्त आहे. या तिन्हींत खरा फरक काय? फिल्टर कोणता घ्यायचा, तो लॅबला किती वेळात पोचायला हवा आणि रिपोर्टमध्ये काय काय मागून घ्यायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

गाळणपत्र

एएएसला संयुजा कळत नाही. तिथे येतो तो एकूण क्रोमियमचा आकडा: तीन, सहा आणि धातूरूप, सगळं एकत्र. प्लेटिंगच्या तुषारात जवळजवळ सगळं क्रोमियम सहा संयुजेचंच असतं. त्यामुळे तिथे एकूण आकडा ही वरची मर्यादा म्हणून चालते. एकूणच मर्यादेच्या बऱ्याच खाली असेल तर क्रोम सिक्सही खालीच असणार. वेल्डिंगच्या धुरात हे फारसं कामाचं नाही. तिथे क्रोम तीनचा वाटा मोठा असतो, आणि एकूण आकडा मर्यादेच्या वर गेला तर त्यात क्रोम सिक्स किती हे कळत नाही.

एमसीई म्हणजे सेल्युलोजचा फिल्टर. तो क्रोम सिक्सचं क्षपण करून त्याचा क्रोम तीन करतो. एकूण क्रोमियमसाठी तो योग्यच, पण त्याच फिल्टरवरून पुढे क्रोम सिक्स काढून देतो असं कुणी म्हणालं तर नकार द्या. बाइंडर असलेला काचतंतूचा फिल्टरही नको. हवा तो ३७ मि.मी. व्यासाचा, ५ मायक्रॉन छिद्राचा पीव्हीसी फिल्टर. पीव्हीसीचेही सगळे लॉट सारखे नसतात. नव्या लॉटमधल्या काही फिल्टरवर डायक्रोमेटचा ज्ञात थेंब टाकून, आठवडाभर ठेवून रिकव्हरी (टाकलेल्यातलं किती परत सापडतं ते) बघणारी लॅब मिळाली तर ती सोडू नका.

आता वेळेचं. क्रोमिक अॅसिडचा थेंब फिल्टरवर बसतो तेव्हा तो आम्लधर्मी असतो. आम्लात डायक्रोमेटचं मानक क्षपण विभव +१.३३ व्होल्ट, अल्कलीत क्रोमेटचं साधारण −०.१३. म्हणजे आम्लात तो समोर येईल त्या तेलाच्या कणावर, धुळीवर, लोखंडावर तुटून पडतो आणि स्वतः क्रोम तीन होतो. अल्कलीत तोच शांत बसतो. म्हणून प्लेटिंगचा नमुना संपला की तासाभरात फिल्टर कॅसेटमधून (फिल्टर धरणारी डबी) काढायचा आणि ५ मि.लि. अल्कली द्रावण भरलेल्या, टेफ्लॉन अस्तराच्या झाकणाच्या काचेच्या कुपीत बुडवायचा. कुप्या लॅबकडून आधीच भरून मागवा. चिमटा प्लास्टिकचा किंवा टेफ्लॉन टोकाचा असावा, स्टीलचा नको.

जागेवर हे जमणार नसेल तर आयडी-२१५ मध्ये सोडियम हायड्रॉक्साइडचा लेप दिलेला, बाइंडर नसलेला क्वार्ट्झ फिल्टर हा पर्याय आहे. थेंब बसतो त्याच क्षणी उदासीन होतो. साधा पीव्हीसी तसाच पाठवला तर प्लेटिंगच्या नमुन्याला सहा दिवस आणि वेल्डिंगच्या नमुन्याला आठ दिवस मिळतात, तेही नमुना घेतल्यापासून. लॅबमध्ये पोचल्यापासून नव्हे. कुरिअर शुक्रवारी दिलं तर त्यातले दोन-तीन दिवस गोदामातच जातात. नमुने सोमवारी-मंगळवारी घ्या.

दशांश

पद्धत निवडण्याआधी कुठल्या मर्यादेशी तुलना करायची ते ठरवा, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत क्रोमिक अॅसिड व क्रोमेटसाठी घनमीटरला ०.०५ मि.ग्रॅ., म्हणजे ५० मायक्रोग्रॅम, क्रोमियम म्हणून, अशी मर्यादा होती. अमेरिकेच्या ओशाने २००६ साली ५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आणि २.५ ची कृतिपातळी (जिच्यापासून उपाय सुरू करावे लागतात) ठरवली. युरोपीय संघात १७ जानेवारी २०२५ पासून ५. नायॉशची शिफारस २०१३ पासून ०.२. एसीजीआयएचने (अमेरिकेतली औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची संस्था) २०१८ मध्ये आठ तासांसाठी ०.२ आणि पंधरा मिनिटांसाठी ०.५ ठेवली, तीही श्वासावाटे आत जाऊ शकणाऱ्या सगळ्या कणांसाठी.

हिशोब असा. मिनिटाला २ लिटरने ४८० मिनिटं म्हणजे ९६० लिटर, ०.९६ घनमीटर. ५ च्या मर्यादेला फिल्टरवर ४.८ मायक्रोग्रॅम असतील आणि ते कुठल्याही पद्धतीला दिसतील. ०.२ च्या मर्यादेला फिल्टरवर फक्त ०.१९ मायक्रोग्रॅम. नायॉश ७६०० ची शोधमर्यादा (पद्धतीला दिसेल अशी किमान मात्रा) नमुन्यामागे ०.०५ मायक्रोग्रॅम, पण खात्रीने आकडा देता येईल अशी पातळी तिच्या सव्वातीन-साडेतीन पट, म्हणजे ०.१७ च्या आसपास. अगदी काठावर. ७६०५ ची शोधमर्यादा ०.०२, तिथे श्वास घ्यायला जागा उरते.

पंधरा मिनिटांच्या मर्यादेचं गणित जास्त अवघड आहे. २ लिटरने ३० लिटर हवा, ०.५ च्या पातळीला फिल्टरवर ०.०१५ मायक्रोग्रॅम. म्हणजे मर्यादेइतकं क्रोमियम हवेत असलं तरी ७६०५ सुद्धा 'आढळलं नाही' म्हणणार! ७६०५ ने परवानगी दिलेल्या ४ लिटरच्या वेगाने ०.०३ मायक्रोग्रॅम, आढळेल, पण आकड्यावर भिस्त ठेवता येणार नाही. अशा वेळी अंतिम आकारमान २५ ऐवजी १० मि.लि. ठेवून संहती अडीचपट करायला सांगा आणि त्या आकारमानाची शोधमर्यादा लॅबने स्वतः सिद्ध केलेली आहे का ते विचारा.

मापनपट्टी

धन्यवाद दोघांना. ७६०० काठावर आहे हे कळलं, पण ५ च्या मर्यादेसाठी ती पुरेशी वाटते. जवळची लॅब तीच करते. तिथे नेमकं काय बिघडू शकतं?

कार्बाझाइड

बऱ्याच गोष्टी. क्रमाने लिहिते.

रंग कसा येतो ते आधी. आम्लात क्रोम सिक्स डायफेनिलकार्बाझाइडचं ऑक्सिडीकरण करून कार्बाझोन बनवतो, स्वतः क्रोम तीन होतो, आणि त्याच क्षणी दोघांचं संकुल बनतं. तो जांभळट गुलाबी रंग ५४० नॅनोमीटरला मोजायचा. द्रावणात आधीपासून असलेला क्रोम तीन पाण्याच्या रेणूंना इतका घट्ट धरून असतो की तो या संकुलात शिरत नाही. ही अभिक्रिया क्रोम सिक्स एवढीच दाखवते ती याच कारणाने.

७६०० मध्ये निष्कर्षणाचे दोन रस्ते आहेत: विद्राव्य क्रोमेटसाठी ०.५ नॉर्मल सल्फ्युरिक अॅसिड, आणि अविद्राव्य क्रोमेट किंवा लोखंड व क्षपणक असतील तर २ टक्के सोडियम हायड्रॉक्साइड व ३ टक्के सोडियम कार्बोनेट. आम्लाचा रस्ता सोपा, त्यामुळे काही ठिकाणी सगळे नमुने त्यानेच उरकतात. वेल्डिंगचा नमुना आम्लात टाकला की धुरातलं फेरस लोह विरघळतं आणि डोळ्यांदेखत क्रोम सिक्स खातं. आकडा कमी येतो आणि रिपोर्ट सुंदर दिसतो. वेल्डिंगला अल्कलीच, याबाबत तडजोड नको.

अल्कलीची कृती: फिल्टर ५० मि.लि. बीकरमध्ये, वर ५ मि.लि. निष्कर्षण द्रावण, वॉचग्लास झाकून १३५ अंशांच्या हॉटप्लेटवर ३० ते ४५ मिनिटं, अधूनमधून हलवत. पेंटचे नमुने असतील तर ९० मिनिटांपर्यंत. बीकर कोरडं पडू द्यायचं नाही. कोरडं पडलं की क्रोम सिक्सची पीव्हीसीशीच अभिक्रिया होते. त्याची खूण डोळ्यांना दिसते: पांढरा फिल्टर तपकिरी पडतो. असा तपकिरी फिल्टर दिसला तर तो नमुना गेला असं समजायचं; पाणी घालून पुढे नेण्यात अर्थ नाही. हॉटप्लेटचा मधला भाग कडेपेक्षा जास्त तापतो, म्हणून मधलं बीकर आधी आटतं. बीकरांच्या जागा फिरवत राहावं.

गार झाल्यावर धुवून २५ मि.लि. फ्लास्कमध्ये, त्यात १.९० मि.लि. ६ नॉर्मल सल्फ्युरिक. कार्बन डायऑक्साइड जोरात सुटतो. बूच लावू नका, फेस पूर्ण बसू द्या. मग ०.५ मि.लि. कार्बाझाइड द्रावण (१०० मि.लि. अॅसिटोन व १०० मि.लि. पाण्यात ५०० मि.ग्रॅ.), खुणेपर्यंत पाणी, आणि मोजणी.

ते १.९० मि.लि. का, हे कळलं की पुढच्या चुका टळतात. ५ मि.लि. द्रावणात अल्कली ५.३ मिलिसममूल्य. आम्ल ११.४. उरलं ६.१, म्हणजे २५ मि.लि. मध्ये साधारण ०.२४ नॉर्मल. रंगाला हीच आम्लता मानवते. 'फिल्टर नीट बुडत नाही' म्हणून कुणी १० मि.लि. निष्कर्षण द्रावण घेतलं आणि आम्ल तेवढंच ठेवलं तर उरतं ०.०३ नॉर्मल, आणि रंग अर्धवट येतो. अल्कलीत मानकं न बनवता नुसत्या आम्लात बनवली तर ही चूक आलेखात कुठेच दिसत नाही. म्हणून मानकांनाही तेच ५ मि.लि. अल्कली आणि तेच आम्ल, ही अट लेखी घ्या.

क्युव्हेट ५ सें.मी.ची हवी. २५ मि.लि. मध्ये ०.२ मायक्रोग्रॅम असेल तर १ सें.मी.च्या क्युव्हेटमध्ये शोषणांक ०.००६ येतो, तो यंत्राच्या थरथरीतच बुडतो. ५ सें.मी.मध्ये ०.०३.

आणि काचसामान क्रोमिक अॅसिडने धुणाऱ्या लॅबमध्ये हे काम होऊच शकत नाही. ही जुनी सवय अजून बऱ्याच कॉलेजांत आणि लॅबांत टिकून आहे. काचेला धरून बसलेला क्रोमियम दिवसेंदिवस सुटत राहतो आणि ब्लँक (नमुना नसताना येणारं कोरं मापन) वर जातो. या कामाचं काचसामान वेगळं ठेवायचं आणि १:१ नायट्रिकने धुवायचं.

वेल्डधूर

कार्बाझाइडताईंनी लोखंडाचं लिहिलंच आहे, थोडी भर. रॉड वेल्डिंगच्या फ्लक्समध्ये पोटॅशियम-सोडियम असतं, त्यामुळे धुरातला क्रोम सिक्स बराचसा विद्राव्य क्रोमेटच्या रूपात येतो. वायर फीड वेल्डिंगमध्ये एकूण क्रोम सिक्स कमी, पण त्यातला अविद्राव्य वाटा जास्त. दोन प्रकारच्या वेल्डरांचे नमुने एकाच गठ्ठ्यात पाठवू नका, साखळी-पत्रकावर (नमुन्याच्या हस्तांतराची नोंद ठेवणारं पत्रक) प्रक्रिया, रॉडचा ग्रेड आणि धातू लिहा.

कॅसेट हेल्मेटच्या आत हवी, कॉलरपाशी. हेल्मेट खाली असताना आतली आणि बाहेरची हवा सारखी नसते.

दशांश

एक शंका. गरम अल्कलीत हवेच्या ऑक्सिजनने क्रोम तीनचं ऑक्सिडीकरण होऊन आकडा वाढत नाही का? क्षपणाचीच चर्चा चालली आहे, पण उलटी बाजूही असणार.

कार्बाझाइड

होतं, आणि वेल्डिंगच्या धुरात ते महत्त्वाचं आहे. ताजा अवक्षेपित क्रोम तीन हायड्रॉक्साइड सर्वात लवकर बदलतो. जुना, भाजलेला ऑक्साइड फारसा नाही. आयडी-२१५ मध्ये निष्कर्षण द्रावण १० टक्के सोडियम कार्बोनेट व २ टक्के बायकार्बोनेटचं असतं, त्यात फॉस्फेट बफर आणि मॅग्नेशियम सल्फेट घालतात. मॅग्नेशियमच्या अवक्षेपासोबत क्रोम तीन खाली बसतो आणि ऑक्सिडीकरणातून बाहेर पडतो. मातीसाठीच्या ईपीए (अमेरिकेची पर्यावरण यंत्रणा) ३०६०ए पद्धतीमध्येही मॅग्नेशियम आणि फॉस्फेट याच कामासाठी आहेत. नायॉशच्या दोन्ही पद्धतींत हे संरक्षण नाही. तुमच्या वेल्डिंगच्या नमुन्यांसाठी आयडी-२१५ कडे झुकण्याचं माझ्या मते हे सर्वात मोठं कारण आहे.

कार्बोनेट कशाला, तर शिशाच्या आणि बेरियमच्या क्रोमेटसाठी. शिसं कार्बोनेट होऊन बसतं आणि क्रोमेट द्रावणात सुटतो. नुसत्या पाण्याने लेड क्रोमेट हलत नाही. पिवळे रंग, विमानांच्या प्राइमरमधला स्ट्रॉन्शियम क्रोमेट असे नमुने असतील तर लॅबला आधी सांगा. स्प्रे पेंटसाठी आयडी-२१५ मध्ये अधिक तीव्र अल्कली, ५ टक्के हायड्रॉक्साइड व ७.५ टक्के कार्बोनेट, वापरतात.

आता आयसी. एएस७ स्तंभ, त्याच्या आधी एनजी१ गार्ड (संरक्षक स्तंभ). एल्युएंट (स्तंभातून वाहणारं द्रावण): लिटरला ३३ ग्रॅम अमोनियम सल्फेट आणि साडेसहा मि.लि. तीव्र अमोनिया, म्हणजे २५० व १०० मिलिमोलर. स्तंभानंतर कार्बाझाइड मिसळतो: ०.५ ग्रॅम कार्बाझाइड १०० मि.लि. मिथेनॉलमध्ये, ते सुमारे ५०० मि.लि. पाण्यात २८ मि.लि. तीव्र सल्फ्युरिक घालून गार केलेल्या द्रावणात, मग १ लिटर. गरम आम्लात मिथेनॉल ओतू नका. एल्युएंट मिनिटाला १.५ मि.लि., अभिकर्मक ०.५. अभिकर्मक चार-पाच दिवसांत पिवळा-तपकिरी पडतो, बेसलाइन चढते, ताजा करा.

७६०० ला भोवणारे फेरिक लोह, व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम इथे स्तंभावरच वेगळे होतात. आयसीचा दर जास्त असतो तो याचा. पण दोन त्रास आहेत. नमुन्यातलं कार्बोनेट आम्लाला भेटलं की वायू सुटतो, डिटेक्टरच्या सेलमध्ये बुडबुडा अडकतो आणि सुईसारखी टोकं दिसतात. सेलच्या बाहेरच्या बाजूला बारीक व्यासाची नळी लावून थोडा प्रतिदाब दिला की थांबतं. दुसरं, मॅग्नेशियमचा गाळ नीट गाळला नाही तर गार्ड स्तंभ चोंदतो आणि दाब चढत जातो. नळ्या, वॉल्व्ह सगळं पीक (PEEK) या प्लास्टिकचं हवं. स्टीलच्या वाटेवर आम्ल गेलं की क्रोमियम तिथूनच सुटेल.

मापनपट्टी

म्हणजे वेल्डिंगसाठी आयसी नक्की. प्लेटिंगसाठी ७६०० अल्कली रस्त्याने, ५ च्या मर्यादेपुरती. आता रिपोर्टमध्ये काय मागू? आणि फील्ड ब्लँक किती?

गाळणपत्र

फील्ड ब्लँक नमुन्यांच्या दहा टक्के, पण एका संचाला किमान दोन. तोही जागेवर उघडून, बंद करून, नमुन्यासारखाच कुपीत बुडवून. पेटीतून न काढलेला फिल्टर म्हणजे मीडिया ब्लँक. तो वेगळा, दोन्ही हवेत. पंपाचं कॅलिब्रेशन त्याच प्रकारची कॅसेट जोडून, आधी आणि नंतर. फरक ५ टक्क्यांच्या वर असेल तर नमुना बाद.

कॅसेटच्या आतल्या भिंती विसरू नका. प्लेटिंगचे थेंब मोठे असतात, पीव्हीसी पाण्याला जवळ करत नाही, आणि बराच माल प्लास्टिकच्या भिंतीवर बसतो. निष्कर्षण द्रावणात ओल्या केलेल्या पीव्हीसी फिल्टरच्या तुकड्याने आतली बाजू पुसून तो तुकडा त्याच बीकरमध्ये टाकायचा. हे तुमच्याकडे, फिल्टर काढताना करायचं आहे, कारण लॅबला पोचेपर्यंत भिंतीवरचा थेंब वाळलेला आणि बदललेला असतो. खालचा आधारपॅड सेल्युलोजचा असेल तर ओलसर फिल्टर त्याच्यावर टेकून राहता कामा नये. तासाभराची अट पाळण्याचं हे आणखी एक कारण.

दशांश

रिपोर्टसाठी: 'आढळलं नाही' एवढंच लिहिलेलं स्वीकारू नका. प्रत्येक नमुन्यापुढे फिल्टरवरचे मायक्रोग्रॅम, हवेचं आकारमान, शोधमर्यादा आणि तिच्यावरून निघणारी हवेतली किमान पातळी हवी. ०.०५ मायक्रोग्रॅमची मर्यादा ९६० लिटरला ०.०५२ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर होते, पण पंप मध्येच बंद पडून ६० लिटरच झाले असतील तर तीच ०.८३ होते. दोन्ही ठिकाणी छापलेला शब्द मात्र एकच.

आकडा क्रोमियम म्हणून आहे की क्रोमियम ट्रायऑक्साइड म्हणून, हे स्पष्ट लिहून घ्या. ट्रायऑक्साइडला ०.५२ ने गुणलं की क्रोमियम. ओशाची जुनी ०.१ मि.ग्रॅ.ची कमाल मर्यादा ट्रायऑक्साइड म्हणून होती, म्हणजे क्रोमियमचे ५२ मायक्रोग्रॅम. जुन्या तक्त्याशी तुलना करताना इथे हमखास दुपटीचा घोळ होतो.

कार्बाझाइड

गुणवत्तेसाठी तीन स्पाइक (मुद्दाम टाकलेली ज्ञात मात्रा) मागा, तिन्ही फिल्टरवर टाकलेले, द्रावणात नव्हे. पहिला पोटॅशियम डायक्रोमेटचा: क्षपण होतंय का ते दाखवतो. साठा द्रावण ०.२८२९ ग्रॅम वाळवलेलं डायक्रोमेट १०० मि.लि. मध्ये, म्हणजे मि.लि.ला १००० मायक्रोग्रॅम क्रोम सिक्स. दुसरा लेड क्रोमेटचा: निष्कर्षण पुरं होतंय का. तिसरा क्रोम तीनचा, एकटा: त्यातून क्रोम सिक्स उगवला तर ऑक्सिडीकरण होतंय. पहिल्या दोघांची रिकव्हरी ९० ते ११० टक्क्यांत हवी. वेल्डिंगच्या धुरासाठी प्रमाणित संदर्भ पदार्थ हवा असेल तर बीसीआर-५४५, फिल्टरवर बसवलेली वेल्डिंगची धूळच आहे ती.

एनएबीएलचं (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) प्रमाणपत्र बघताना लॅबचं नाव बघून थांबू नका, व्याप्तीच्या यादीत 'कामाच्या जागेची हवा' आणि 'हेक्झाव्हॅलंट क्रोमियम' एकाच ओळीत आहेत का ते बघा. पाण्यातल्या क्रोम सिक्ससाठी मान्यता असलेल्या लॅब भरपूर आहेत. पाण्याच्या पद्धतीत फिल्टर नसतो, निष्कर्षण नसतं, आणि वर चर्चा केलेल्यातल्या बहुतेक अडचणी त्यात येतच नाहीत.

वेल्डधूर

जागेवरच अंदाज हवा असेल तर नायॉश ७७०३ आहे. अमोनियम सल्फेट-अमोनिया बफर, पीएच ८ च्या आसपास, अल्ट्रासोनिक बाथमध्ये अर्धा तास, पाणी ४० अंशांच्या आत. मग ऋणायन विनिमयाच्या छोट्या कार्ट्रिजवर क्रोमेट धरून ठेवायचा, सोडवायचा आणि छोट्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर कार्बाझाइडने मोजायचा. हॉटप्लेट नाही, कुरिअर नाही. बाथ तापतो, बर्फाचे तुकडे जवळ ठेवावे लागतात.

मापनपट्टी

यादी झाली, आभार. शेवटचा प्रश्न: टाकीत फ्यूम सप्रेसंट (तुषार दाबणारं रसायन) घातलेलं आहे. नमुन्यावर त्याचा काही परिणाम?

गाळणपत्र

थेंब कमी आणि बारीक होतात, ही चांगली गोष्ट. पण सप्रेसंट नुकतं घातल्यावर घेतलेला नमुना आठवड्याची परिस्थिती दाखवत नाही. ते खर्ची पडत जातं आणि पृष्ठताण पुन्हा चढतो. नमुन्याच्या दिवशी टाकीचा पृष्ठताण मोजून पत्रकावर लिहा, शिवाय करंट किती अँपिअर, किती टाक्या चालू होत्या, एक्झॉस्ट चालू होता का. टाकीतला बहुतेक करंट हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यातच जातो आणि तेच बुडबुडे फुटताना थेंब उडवतात. अर्ध्या करंटवर घेतलेला नमुना पूर्ण भाराच्या शिफ्टला लागू करता येणार नाही.